तिसऱ्या दाराचा खेळ

“बाबा, तिसरं दार पूर्ण उघडायला चाकाचे किती फेरे लागतात?”

पाटकऱ्याचा घास हातातच राहिला. पोरीनं मीठ मागावं तसं विचारलं होतं, खाली ताटात बघत. पण पाटाला सहा दारं असताना नेमकं तिसरंच हिच्या तोंडी कसं आलं, या विचारानं त्याच्या मनात पाल चुकचुकली.

“तुला काय करायचंय?”

“शाळेत आम्ही खेळ बनवतोय. कॉम्प्युटरवर. आमचा खेळ पाटाचा आहे. कासव पाणी घेऊन जातं, वाटेत दारं येतात.”

“कासव कधीपासून पाणी न्यायला लागलं?”

“खरं कासव नाही हो. कॉम्प्युटरच्या लोगो भाषेतलं. पुढे जा म्हटलं की पुढे जातं, वळ म्हटलं की वळतं. सांगू तेवढंच ऐकतं.”

“बरं आहे बाई. आपल्या घरात तसं एकही नाही,” असं म्हणत पाटकऱ्याची बायको तांब्या भरायला उठली.

पोरगी आठवीत होती. घरात तिला फौजदार म्हणत, कारण ती बोलायला लागली तीच मुळी ‘का’ म्हणत. एरवी पाटकऱ्याला तिच्या प्रश्नांचं कौतुक होतं. चार लोकांत तो सांगायचा, आमच्या फौजदाराला उत्तर दिल्याशिवाय मला जेवण जात नाही. यंदा मात्र त्याला प्रश्नांचा वीट आला होता. गावातला जो तो त्याला काहीतरी विचारत होता, आणि त्या सगळ्यांचं एकच उत्तर तिसऱ्या दाराखाली पाण्यात बुडालेलं होतं.

पावसानं लागोपाठ दगा दिला होता. धरणातून पाणी सुटायचं ते मोजूनमापून, आणि सुटलं की वरच्या दारापासून खालच्या दारापर्यंत सगळ्यांचे डोळे पाटाला चिकटायचे. दारं उघडणं, पाडणं, कुलूप घालणं हे पाटकऱ्याचं काम. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला असे. तिसऱ्या दारावर त्याच्या मेहुण्याचं वावर होतं. गेल्या हंगामात मेहुण्याचे टोमॅटो उभ्यानं वाळले, तेव्हा बायको तोंडानं काही बोलली नव्हती. फक्त तिनं घरातलं बोलणंच बंद केलं होतं, आणि स्वयंपाकघरातली भांडी तेवढी आपटत होती. शेवटी एका सकाळी, पाटात पाणी यायच्या आधी, पाटकऱ्यानं तिसऱ्या दाराच्या पत्र्याखाली एक चपटा दगड सारला. तेव्हापासून वरून बघणाऱ्याला चाक आवळलेलं दिसे, कुलूप दिसे, आणि खालच्या फटीतून मेहुण्याच्या वावरात पाणी जात राही. फट ती केवढी, दोन बोटांची. दोन बोटांनी कोणाचं काय जातं, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. पण पाटाच्या शेपटाशी, सहाव्या दारावर, नेमकी तीच दोन बोटं कमी पडत होती.

कळलं तर काम जाईल, हे त्याला ठाऊक होतं. काम गेलं तर कुठेतरी रोजानं जाता आलं असतं. पण पोरगी शाळेत सगळ्यांना सांगत फिरायची की माझ्या बाबांच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे होत नाही. ते मोडलं तर काय करायचं, हे त्याला काही केल्या सुचत नव्हतं.

“बावीस,” तो म्हणाला. “बावीस फेरे. जेव आता.”

सकाळी तो पाटाच्या कडेनं खाली गेला. सहाव्या दाराशी मावशी उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, हातात फावडं. नवरा गेल्यापासून ती एकटी कांदा लावायची, एकटी काढायची. तिची मुलगी आणि फौजदार एका बाकावर बसायच्या, आणि शाळेत कॉम्प्युटर कमी असल्यामुळे एकाच कॉम्प्युटरवरही.

“भाऊ, दार उघडलंस का?”

“उघडलंय मावशी. बघ ना, चाक वर आहे.”

“चाक वर आहे रे. पाणी कुठंय?”

तिनं चारीत पाय ठेवला. पाणी घोट्यापर्यंतसुद्धा आलं नाही. कांद्याची पात शेंड्याला पिवळी पडून खाली मोडली होती.

“वरूनच कमी सोडलंय,” पाटकरी म्हणाला.

“वर जाऊन आले मी. पाट काठोकाठ चाललाय.”

“मग ऊन आहे. जमीन पिते.”

“जमीन पिते,” मावशी म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, फावड्यानं चारीतला गाळ ओढत राहिली. “आपल्या पोरी कसला पाण्याचा खेळ करतात म्हणे. त्यात तरी माझ्यापर्यंत पोचतं का बघायला जाणार आहे मी शनिवारी. सगळ्यांना बोलावलंय.”

पाटकऱ्यानं कुलूप उगाच ओढून बघितलं आणि परत फिरला. सगळ्यांना बोलावलंय म्हणजे कोणाला? कशासाठी? पोरांचे खेळ बघायला एवढी मोठी माणसं कशाला लागतात? वाटभर तो त्याच हिशेबात होता.

दुपारी तर कहर झाला. तिसऱ्या दारावर पोरांचा घोळका, आणि मध्ये कॉम्प्युटरच्या बाई. या बाई यंदाच शाळेत आल्या होत्या. पायात बूट, खांद्याला पिशवी, आणि मोबाइल दाराच्या चाकासमोर धरलेला.

“फोटो कशाला?” पाटकऱ्यानं लांबूनच आवाज चढवला.

“मुलांना चित्र काढायला, दादा. ज्याचा खेळ करायचा ते आधी डोळ्यांनी बघायचं, असं सांगितलंय मी त्यांना.”

“सरकारी दार आहे हे. विचारल्याशिवाय फोटो काढता येत नाही.”

“मग कोणाला विचारायचं?”

“मला.”

“विचारते. काढू का?”

पोरं खिदळली. नाही म्हणावं तर ‘का नाही?’ असं कोणी विचारणार, आणि विचारणारी त्याच्याच घरची, पहिल्या रांगेत उभी होती. तो म्हणाला, “काढा.”

बाई फोटो काढत होत्या तेवढ्यात फौजदारानं एक काटकी घेतली, दाराच्या खालच्या अंगाला पाण्यात बुडवली आणि मैत्रिणीच्या कानाशी काहीतरी बोलली. मावशीची मुलगी वाकून पाहू लागली. पाणी गढूळ होतं, काही दिसणं शक्य नव्हतं. तरी पाटकरी धावत पुढे आला.

“ए, बाजूला व्हा! पडाल एखादी!”

पोरं गेल्यावर बांधाआडून मेहुणा आला. “भाऊजी, ही बाई कोण? खात्यानं तर नाही ना पाठवली?”

“कॉम्प्युटर शिकवते म्हणे.”

“म्हणे! कॉम्प्युटरवाल्या बाईचं पाटावर काय काम? तुम्ही म्हणजे अगदीच भोळे बुवा.”

पाटकरी त्याच्याकडे बघत राहिला. याच्यासाठी आपण जीव टांगणीला लावलाय, आणि हा आपल्यालाच भोळा म्हणतोय. हाच उद्या हात वर करेल, मला काय माहीत म्हणेल, हेही त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला गाठलं. “तू पोरीला काही बोललीस?”

“कशाबद्दल?”

“तुला माहीत आहे कशाबद्दल.”

“मी तुमच्याशीसुद्धा कधी बोलले नाही त्याबद्दल,” ती म्हणाली, आणि पीठ मळायला घेतलं. ते खरंच होतं. त्या दगडाबद्दल त्या घरात आजवर एक शब्द निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला, पोरीचं नाव त्या वर्गातून काढायचं असं ठरवून. कॉम्प्युटरच्या खोलीची खिडकी उघडी होती. तो बाहेरच थांबला, आत काय चाललंय ते आधी ऐकावं म्हणून.

बाई फळ्यापाशी होत्या. “डब्ल्यूची कळ दाबली की कासव पुढे जातं. का जातं?”

“कारण आपण सांगितलंय,” पोरं म्हणाली.

“बरोबर. कासवाला कळ म्हणजे काय ते कळत नाही. ही कळ दाबली तर हे कर, ती दाबली तर ते कर, असं आपण आधी लिहून ठेवतो. लिहिलं नसेल तर बोट दुखेपर्यंत दाबा, ते हलणार नाही. आणि चुकीचं लिहिलं असेल तर?”

“चुकीचंच करेल!”

“तेही बिनतक्रार. म्हणून कासवावर रागवायचं नाही. आपण काय लिहिलंय ते परत वाचायचं.”

त्याची पोरगी उभी राहिली. “बाई, आमचं पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचत नाही.”

“मग कुठेतरी चूक असेल. शोधा दोघी.”

“चूक नाही बाई. सगळं खऱ्यासारखंच लिहिलंय. खरंच नाही पोचत.”

बाई जवळ जाऊन पडद्याकडे बघू लागल्या आणि पाटकऱ्यालाही पडदा दिसला. एक उभी निळी रेघ, बाजूला हिरवे चौकोन, मध्ये लहानसं त्रिकोणी कासव. रेघेला सहा फाटे. पहिल्या फाट्याशी काळी रेघ, दुसऱ्याशी तशीच. तिसऱ्या फाट्याशी काळी रेघ होती आणि तिच्या खाली एक करडा ठिपका होता.

पाटकऱ्यानं खिडकीची चौकट धरली. नाव काढायचं तो विसरून गेला. पोरीला माहीत होतं. पोरीला माहीत आहे आणि ती बोलत नाही, चित्र काढून सगळ्या गावासमोर ठेवणार आहे. पोटच्या पोरीनं आपल्यासाठी सापळा लावावा, या विचारानं त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा भयंकर राग आला.

त्या दिवसापासून तो तिच्यावर पाळत ठेवू लागला. ती हसली तर का हसली, गप्प बसली तर का गप्प बसली. ती नेहमीसारखी दुपारी डबा घेऊन पाटावर येई, त्याच्या शेजारी बसे, पाण्यात पाय सोडून पावलं हलवत राही. “बाबा, शनिवारी येणार ना नक्की?” तो हो म्हणे आणि तिच्या डोळ्यांत काही सापडतंय का ते शोधत राही. काही सापडत नसे, आणि त्यामुळे त्याचा संशय आणखीच पक्का होई. दगड काढून टाकावा असं रोज मनात येई. पण पाणी चालू असताना दार वर घेतलं तर कोणीतरी बघणारच, आणि का घेतलं म्हणून विचारणारच.

शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाणी समितीचा अध्यक्ष पुढच्या खुर्चीत, मावशी भिंतीशी, मेहुणा दारात, एक पाय बाहेर ठेवून. एका पोरानं बकरी पळवायचा खेळ केला होता, एकीनं फुलं गोळा करायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फौजदार आणि तिची मैत्रीण उभ्या राहिल्या.

“हा पाट,” फौजदार म्हणाली. “कासव म्हणजे पाणी. डब्ल्यूनं पुढे जायचं, एनं डावीकडे, डीनं उजवीकडे वळायचं. कोपऱ्यात आकडा आहे, तेवढं पाणी शिल्लक. प्रत्येक वावराला थोडं द्यायचं आणि सहाव्या वावरापर्यंत आकडा शून्य होऊ द्यायचा नाही. पोचलं की जिंकलो.”

अध्यक्ष हौसेनं पुढे आला. बाह्या वर करून त्यानं कळ दाबली. कासव हललं नाही. त्यानं परत दाबली, मग दणादणा दाबली.

“बघा!” तो मागे वळून म्हणाला. “इथंही पाणी अडवून ठेवलंय कोणीतरी!”

हशा पिकला. पाटकरी हसला नाही. सगळे आपल्याकडेच बघून हसताहेत असं त्याला वाटलं. बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “कॅप्स लॉक चालू आहे. तुमचा हात लागला असेल. कासवाला मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगवेगळं वाटतं.” त्यांनी कळ दाबली, कीबोर्डवरचा हिरवा दिवा विझला आणि कासव चालू लागलं. अध्यक्षाचं पाणी चौथ्या वावरातच संपलं. आणखी दोघांनी खेळून बघितलं, पाचव्याच्या पुढे कोणी गेलं नाही.

“अरे, पाटकरी इथं असताना आपण काय करतोय?” कोणीतरी म्हणालं. “त्यालाच बसवा!”

“मला नाही जमायचं,” पाटकरी म्हणाला.

“बाबा, या ना!” फौजदारानं येऊन त्याचा हात धरला. तिचा हात गरम होता. तिला ओढून मागे नेता आलं असतं, पण सगळे बघत होते. तो खुर्चीत बसला.

पहिल्यांदा त्याची बोटं चाचपडत होती. दोन वावरांपुढे गेल्यावर मात्र त्याला तो पाट ओळखीचा वाटायला लागला. पहिल्या वावराची जमीन काळी, तिला कमी पुरतं. दुसऱ्याचा उतार उलटा, तिथं उगाच सोडून उपयोग नाही. पोरीनं त्याच्याकडून विचारून विचारून सगळं तसंच उतरवलं होतं. तो कंजुषीनं पाणी देत, झपझप वळवत निघाला. तिसऱ्या दाराशी तो, शेवटाला पाणी उरावं म्हणून, वळला नाही, सरळ पुढे गेला. तरी कोपऱ्यातला आकडा भरभर उतरला. पाचव्या वावराच्या पुढे, सहाव्याच्या तोंडाशी, शून्य.

“अरेरे!” लोक म्हणाले. “थोडक्यात गेलं!”

“परत,” पाटकरी म्हणाला.

आता त्याला खोलीतलं कोणी दिसत नव्हतं. हातातलं काम बिघडलं की तो असाच व्हायचा. त्यानं दुसऱ्यांदा खेळ सुरू केला, पहिल्या वावरातलं वाचवलं, दुसऱ्यातलं वाचवलं, वळणावर एक पाऊल वाया जाऊ दिलं नाही. तिसऱ्याशी आकडा पुन्हा घसरला. मागे मावशीची मुलगी “चला, चला!” म्हणत होती. सहावं वावर एकदा कळ दाबायच्या अंतरावर आलं आणि कासव थांबलं. शून्य.

तिसऱ्यांदाही तेच झालं. पाटकऱ्यानं टेबलावर मूठ आपटली.

“असं कसं पोचेल? हा दगड काढायची कळ कुठंय?”

पुढच्या रांगेतली माणसं पडद्याकडे वाकली.

“कुठला दगड?” अध्यक्षानं विचारलं.

पाटकऱ्याचं बोट पडद्यावरच्या करड्या ठिपक्यावर होतं. त्यानं ते मागे घेतलं, पण उशीर झाला होता. बाई म्हणाल्या, “मला तर तो डाग वाटला. पुसायचा राहिलेला.”

“डाग नाही बाई, दगडच आहे,” फौजदार म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. “मी म्हटलं नव्हतं का, बाबा लगेच ओळखतील! बाकी कोणालाच माहीत नाही. बाबांनी बसवलाय तो, पाणी यायच्या आधी. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा. तिसरं दार जुनं आहे ना, खालून गळतं, काटकी घालून पाहिलं मी. दगडाशिवाय ते नीट बसत नाही. हो ना बाबा? तुम्हीच सांगितलं होतं.”

तेव्हा पाटकऱ्याला आठवलं. सकाळचं ऊन, कोरडा पाट, तो गुडघ्यावर बसलेला, आणि पाठीमागून आलेला प्रश्न, बाबा, दगड कशाला? तो न वळताच काहीतरी बोलला होता. बोलला आणि विसरून गेला होता. तिनं मात्र ते जपून ठेवलं होतं, त्यानं दिलेलं सगळंच ती जपून ठेवायची तसं. इतके दिवस तो तिच्या डोळ्यांत कपट शोधत होता, आणि तिथं त्याचंच खोटं, तिनं खरं मानून ठेवलेलं, पडून होतं.

दारातला मेहुणा केव्हाच निघून गेला होता. मावशी भिंतीपासून सरकली, पुढे आली. तिला वाटलं असतं तर ती ओरडली असती. ती एवढंच म्हणाली, “चल, दाखव.”

सगळे पाटावर गेले. पाटकऱ्यानं कुलूप काढलं, चाकाला चार फेरे दिले, चपला काठावर सोडल्या आणि पाण्यात उतरला. पाणी छातीला लागलं. त्यानं श्वास कोंडून खाली हात घातला, गाळात चाचपलं, आणि दगड वर काढला. शेवाळानं तो हिरवा झाला होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना, तेव्हा फौजदारानंच पुढे होऊन तो हातात घेतला.

काठावर येऊन त्यानं चाक उलटं फिरवलं. चार फेरे झाले. मग पाचवा झाला, सहावा झाला, आणि पत्रा खालच्या दगडी उंबऱ्यावर ठक्क करून टेकला. मेहुण्याच्या चारीत जाणारी धार बारीक झाली, मग थांबली.

“बसलं की,” फौजदार म्हणाली.

ती दाराकडे बघत होती, मग हातातल्या दगडाकडे, मग पुन्हा दाराकडे. अध्यक्षानं तळहात पुढे केला. पाटकऱ्यानं ओल्या कमरेचा जुडगा सोडायला घेतला, गाठ सुटेना, दातानं ओढावी लागली. मावशी आणि तिची मुलगी खाली, सहाव्या दाराकडे पळत गेल्या होत्या. थोड्या वेळानं लांबून त्या पोरीची हाक आली, “आलं! आलं!” आणि लोक तिकडे निघाले.

काठावर दोघंच उरली. फौजदारानं दगड पाटाच्या भिंतीवर ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि घरच्या वाटेला लागली. पाटकरी मागून चालू लागला. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. आता ती विचारेल, म्हणून तो तयारी करत होता. मामाचं सांगायचं, टोमॅटोचं सांगायचं, तिच्या आईनं बोलणं टाकलं होतं ते सांगायचं. आणि हे काहीच न सांगता, चुकलो म्हणायचं, असंही त्यानं ठरवून पाहिलं. वळणावर ती त्याच्यासाठी थांबली, तो जवळ आल्यावर पुन्हा चालू लागली. घराचं छप्पर दिसायला लागलं. अंगणात आई वाट बघत उभी होती.

फौजदारानं त्याला काहीच विचारलं नाही.